वायरमनसाठी प्रार्थना

९ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,

‘सौ.’ लिहावं की नाही, यात दोन कागद फुकट गेले. तिसऱ्यावर लिहून टाकलं. तू आता दुसऱ्या घरची झालीस आणि मी तुझी सासू उरले नाही, हे मला कळतं. पण तुला दुसरी कुठली हाक मारायची सवय नाही.

तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून दाताच्या दवाखान्यावर पाठवते. तू अजून तिथेच डॉक्टरांच्या हाताखाली आहेस असं ऐकलं. चार वर्षांनी पत्र आलं म्हणून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघे सोडले तर.

काम असं आहे. वर्षाच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी मंडळीला एक नेम दिला. ज्या माणसाचं तोंड बघवत नाही, अशा एकासाठी रोज प्रार्थना करायची. रोज म्हणजे रोज, आणि त्याचं नाव घेऊन. ज्यांना जमेल त्यांनी हात वर करा म्हणाले. मी पहिल्या बाकावर बसते. एकेचाळीस वर्षं सकाळी पावणेसहाला उठून प्रार्थना, शास्त्रवाचन आणि वहीत बरोबरची खूण, एका दिवसाचा खाडा नाही. छोटू गेला त्या दिवशीही नाही. मी हात वर केला नसता तर लोक काय म्हणाले असते?

मग घरी येऊन विचार केला की आपल्याला कुणाचं तोंड बघवत नाही? माझा तसा कुणावर राग नाही. शेवटी तुझ्या आताच्या नवऱ्याचं, छोटूच्या त्या वायरमन मित्राचं, नाव घातलं.

आज सातवा दिवस. अडचण अशी की त्याच्यासाठी मागायचं काय हे मला ठाऊक नाही. पहिले दोन दिवस ‘त्याला सद्बुद्धी दे’ म्हटलं. तिसऱ्या दिवशी तेच म्हणताना माझं मलाच कसंतरी वाटलं. तेव्हा त्याची काही गरज असेल, तब्येतीची, कामाची, तर दोन ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

ठकीला आशीर्वाद. आता सहा वर्षांची झाली असेल.

तुझी,
छोटूची आई


२७ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरून चालले नव्हतेच. नेम मात्र चालू आहे.

एखाद्या माणसाचं नाव रोज घेतलं की तो माणूस घरात येऊन बसतो, हे मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटते, ‘बापा, त्या वायरमनला’ म्हणते, आणि पुढे शब्दच नसतात. मग तो दिसायला लागतो. शिडी खांद्यावर, टेस्टर खिशाला अडकवलेला, बूट काढताना भिंतीला हात लावायची सवय. त्या हाताचा डाग माझ्या भिंतीवर अजून आहे. तो पुसायला म्हणून मी कितीदा फडकं घेतलं असेल.

परवा मला आठवलं ते सांगते. छोटूच्या आजारपणाचं दुसरं वर्ष. आपल्या इमारतीची लिफ्ट बंद, आणि त्याची डायलिसिसची वेळ झालेली. सहा फुटांचा माणूस, नाव छोटू, आणि पायात उभं राहण्याचं बळ नाही. वायरमनने त्याला पाठुंगळी घेतलं आणि तीन मजले उतरवलं. छोटू वरून म्हणाला, “मीटर टाकलाय ना रे?” आणि तो म्हणाला, “परतीचं भाडं दुप्पट.” दोघं हसत खाली गेले. मी वर कठड्याला धरून उभी होते. पाच आठवडे लिफ्ट बंद होती, आणि आठवड्यातून तीन वेळा हे असंच चाललं. मी एवढी वर्षं हे विसरले होते, असं नाही म्हणवत. मी ते बाजूला ठेवलं होतं.

म्हणून त्या दिवशी प्रार्थनेत म्हटलं, “त्याची पाठ धड राहू दे.” एवढंच. पण ते मनापासून निघालं. एकेचाळीस वर्षांत मी लांबलचक प्रार्थना पुष्कळ केल्या. महिला संघात मला पुढे बोलावतात ते माझं तोंड चालतं म्हणून. ही पाच शब्दांची होती आणि तिच्यानंतर मला बराच वेळ उठवेना.

आणखी एक. तुमचं लग्न आपल्या चर्चमध्ये लागलं नाही, कचेरीत सह्या करून लावावं लागलं, त्यामागे माझा हात होता असं तुला कुणी सांगितलं असेल. मी पाळकसाहेबांना भेटले होते, हे खरं आहे. काय बोलले ते लोक वाढवून सांगतात.

तुझी,
छोटूची आई


१६ फेब्रुवारी

सूनबाई,

आज सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. तिथल्या शिवणखोलीतली माझी जुनी जोडीदारीण अजून तिथेच नोकरीत आहे, तिने कळवलं. शाळेच्या सभागृहात दिवे लावताना त्याची शिडी सरकली, मांडीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. काल दुपारची गोष्ट.

मला एक सांगायलाच हवं, ते पोटात राहणार नाही. परवा रविवारी बाजारात मी तुम्हा तिघांना पाहिलं. ठकी त्याच्या खांद्यावर बसली होती आणि त्याचे कान धरून त्याला डावीकडे-उजवीकडे वळवत होती. तो ‘बाजूला व्हा, गाडी आली’ असं ओरडत चालला होता. मी फळवाल्याच्या मागे सरकले. घरी आले ती जळतच आले. आणि काल सकाळी, नेमाच्या वेळेला, डोळे मिटून मी म्हणाले, “प्रभू, फार वर चढलाय तो. त्याला जरा खाली आण.”

हेच शब्द. आणि दुपारी तो पडला.

मी तशीच पाळकसाहेबांकडे गेले. पायात दोन वेगळ्या चपला होत्या, हे तिथे गेल्यावर समजलं. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाई, देव काही तुमचा गडी नाही, तुम्ही सांगावं आणि त्याने शिडी ओढावी. शिडी फरशीवरून सरकली. पण तुम्ही मागितलंत काय, ते मात्र बघा.”

“बघितलं,” मी म्हटलं, “म्हणून तर आले.”

“मग आता दुसरं मागा.”

“तोंड कुठलं आहे मला मागायला?”

“तोंड असलेल्यांनीच मागायचं असतं तर मी कधीच गप्प बसलो असतो,” ते म्हणाले. 

हे पत्र वाचून तू माझ्यावर थुंकलीस तरी तुझं बरोबर आहे.

छोटूची आई


२४ फेब्रुवारी

सूनबाई,

मी त्याला भेटून आले हे तुला त्याच्याकडून कळलं असेलच. तू दाताच्या दवाखान्यात कामावर असशील अशी वेळ बघून गेले. तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती.

रिकाम्या हाताने कसं जायचं? मांडीला प्लास्टर म्हणजे नेहमीचा पायजमा चढत नाही. एकोणतीस वर्षं मी हॉस्पिटलच्या शिवणखोलीत हेच शिवलं. एक बाजू कंबरेपर्यंत उघडी ठेवायची आणि तिला चार ठिकाणी नाड्या लावायच्या, म्हणजे माणसाला न हलवता घालता येतो. पहाटे उठले आणि मशीनवर बसले ते साडेसातलाच उठले. पावणेसहा कधी वाजून गेले पत्ता नाही. पाय मशीनच्या पॅडलवर होता आणि तोंडाने त्याचं नाव चाललं होतं. नाडीची प्रत्येक टीप मारताना एकदा. वही उघडली तेव्हा त्या दिवसाची खूण करावी की नाही हे कळेना. चौकोन मोकळाच ठेवला आहे.

वॉर्डात शिरले तर त्याने मान वळवून पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “आई, तुम्ही? कोण गेलं?”

चार वर्षांत मी असा लौकिक मिळवला आहे की माझ्या येण्याने माणसाला मयतच आठवावं.

“कुणी नाही,” मी म्हटलं. “पायजमा आणलाय.”

त्याने नाड्या ओढून पाहिल्या. “पक्कं काम आहे. आमच्या वायरिंगला एवढी गाठ कुणी मारत नाही.”

मी स्टुलावर बसले. इकडचं तिकडचं बोलायला मला येत नाही. सरळ म्हटलं, “त्या दिवशी डायलिसिसच्या वॉर्डाबाहेर, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, तिचं डोकं तुझ्या खांद्यावर होतं. छोटू तेव्हा आत जिवंत होता. मी खालून येत होते. पाहिलं आणि तशीच परत उतरले.”

मला वाटलं, नाकारेल. नाहीतर चिडेल.

“त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं,” तो म्हणाला. “किडनी मिळाली तरी आता उपयोग नाही म्हणून. छोट्याने तिला बजावलं होतं, आईसमोर रडायचं नाही, आई मोडून पडेल. वॉर्डात तो. घरी तुम्ही. तिला रडायला तेवढा जिनाच होता, आई.”

“आणि तू?”

“मी पण रडत होतो. माझं तोंड भिंतीकडे होतं. तुम्हाला दिसलं नसेल.”

मला दिसलं नव्हतं, सूनबाई. मला एक डोकं आणि एक खांदा दिसला, आणि बाकीचं मी माझ्या मनाने जोडलं.

आता जे दोन पत्रांत टाळलं ते लिहिते. छोटू गेल्यावर दीड वर्षाने तुम्ही लग्नाचं ठरवलंत तेव्हा मी पाळकसाहेबांना जाऊन म्हटलं, “यांचं आधीपासूनचं आहे. माझा मुलगा खाटेवर असतानाच. मी डोळ्यांनी पाहिलंय.” लोकांनी काही वाढवलेलं नाही. मी एवढंच बोलले आणि ते पुरेसं होतं. महिला संघातही बोलले. प्रार्थनेची विनंती म्हणून बोलले: “माझ्या सुनेसाठी प्रार्थना करा हं, ती घसरली आहे.” कुजबुज केली असती तर कुणीतरी मला थांबवलं असतं. प्रार्थनेला कोण थांबवणार? सगळ्यांनी डोळे मिटले आणि तुझी अब्रू गेली. पुढच्या रविवारी गायकवृंदात तुझी जागा रिकामी होती, आणि मला बरं वाटलं होतं.

मी खोटं बोलले. पाहिलेलं खरं होतं आणि सांगितलेलं खोटं होतं.

तुला माझ्या दाराची पायरी चढू नकोस म्हणाले, त्याची माफी मागायला सुद्धा आधी हे लिहिणं भाग होतं.

छोटूची आई


७ मार्च

सूनबाई,

जिथे बोलले तिथेच जाऊन परत घेतलं. ते तुला कळावं म्हणून लिहिते, शाबासकीसाठी नाही.

आधी पाळकसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “तुम्ही येऊन बोललात, आणि मी त्या दोघांना बोलावून एकदाही विचारलं नाही. हे तुमच्या एकटीचं नाही.” ते तुम्हाला भेटायला येणार आहेत. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

मग काल महिला संघ. चौदा बायका, खुर्च्या गोल मांडलेल्या. विनंत्या सुरू झाल्या. एकीचा मणका, एकीच्या मुलीची परीक्षा. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. “माझी विनंती नाही, दुरुस्ती आहे,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

कोपऱ्यातल्या आजींनी कानाचं यंत्र चाचपलं आणि विचारलं, “काय म्हणतेय ती? ऐकू नाही आलं.”

शेजारची म्हणाली, “राहू द्या हो आजी.”

“राहू का द्या? सगळ्यांनी ऐकलं, मीच का नाही?”

म्हणून मी पुन्हा सांगितलं. मोठ्याने. ‘मी माझ्या सुनेवर खोटा आळ घेतला’ हे वाक्य एकदा म्हणणं जमतं. दुसऱ्यांदा, तेही ओरडून, म्हणताना त्यातला एकेक शब्द आपल्यालाही ऐकू येतो. बाहेर व्हरांड्यात खुर्च्या मोजणारा चर्चचा शिपाईसुद्धा आत डोकावला.

खजिनदारीण म्हणाली, “जाऊ द्या, जुनी गोष्ट झाली. चला, प्रार्थना करू.”

“जुनी कशी?” मी म्हटलं. “ती अजून या दारातून आत आलेली नाही.”

चहा झाला तेव्हा माझ्याजवळची खुर्ची रिकामी होती. चिटणीसपद मी तिथेच सोडलं. पुढे बोलावणंही आता बंद होईल. घरी चालत येताना मला वाटलं होतं हलकं वाटेल, सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. लाज वाटत होती, भूक लागली होती आणि गुडघा दुखत होता. पण आज सकाळी पावणेसहाला खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि पहिल्यांदाच असं झालं की प्रभूसमोर माझ्याजवळ लपवायला काही नव्हतं. मी बोललेच नाही. तिथे नुसती बसून राहिले. कुणीतरी शेजारी आहे हे कळत होतं. एकेचाळीस वर्षं मी बहुधा एवढी बोलत होते की ते कळायला जागाच ठेवली नव्हती.

बाई गं, मला माफ कर. जमेल तेव्हा. नाही जमलं तरी त्याचं नाव आणि तुझं नाव रोज घेणार आहे.

छोटूची आई


१९ मार्च

चि. सौ. सूनबाईस,

हे तुझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिते आहे. तो झोपला आहे, ठकी शाळेत.

तुझी चिठ्ठी जपून ठेवली आहे. “पत्रं मिळाली. उत्तर द्यावंसं वाटत नाही. माझी रजा संपली. सोमवारपासून दुपारी बारा ते सात त्याच्याजवळ कुणीतरी हवं. तुम्हाला जमेल का? माफीचं नंतर बघू.” एवढं सरळ पत्र मला आयुष्यात कुणी लिहिलं नाही. तेव्हापासून ‘माफीचं नंतर बघू’ हे मी धरून आहे. ‘नंतर’ म्हटलंस, ‘नाही’ म्हटलं नाहीस.

तू आल्यावर मी चप्पल घालते आणि निघते, आपलं बोलणं औषधांपलीकडे जात नाही. ते बरोबर आहे. म्हणून इथे घरात काय झालं ते लिहून ठेवते, तुला ठाऊक असावं.

सोमवारी मी आत आले आणि पहिला दिसला तो विजेच्या बटणांच्या वर लावलेला छोटूचा फोटो. मी इतकी वर्षं मनात धरून होते की तुम्ही तो माळ्यावर टाकला असेल. त्याच्या काचेवर धूळ नव्हती.

ठकी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. “तुम्ही कोण?”

कुठल्या तोंडाने सांगू? आतून खाटेवरून तोच म्हणाला, “ती तुझी आजी. बाबांची आई.”

“कुठल्या बाबांची? फोटोतल्या?”

“हो.”

“मग इतके दिवस कुठे होती?”

ते उत्तर त्याने माझ्यासाठी ठेवलं. मी सांगितलं, “मी चुकीचं वागले होते, म्हणून आले नव्हते.” ठकीने विचारलं, “मग सॉरी म्हटलं का?” म्हटलं, “म्हटलं.” तिचं समाधान झालं. तिने दप्तराचा तुटलेला बंद दाखवला. तो मी दुहेरी टिपेने शिवला आहे, वर्ष निघेल.

आणि हे आजचं. त्याला कुशीवर वळवलं, उशी दिली. माझी सवय, आजाऱ्याजवळ बसले की प्रार्थना करायची. तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला म्हटलं, “आज तू कर. माझ्यासाठी.”

तो म्हणाला, “आई, मी तुमच्यासाठी कधी प्रार्थना केली नाही. खरं सांगतो. एक-दोनदा करायला गेलो, पण दात आवळले जायचे. चर्चही सुटलं.”

“मग राहू दे.”

“राहू दे कशाला? बघतो जमतंय का.” त्याने डोळे मिटले. मी मिटले नाहीत, त्याच्याकडे बघत होते. बरगड्या दुखतात म्हणून तो श्वास घेऊन घेऊन बोलला: “बापा, आई आल्यात. रोज तीन बस बदलून येतात. त्यांच्या गुडघ्याकडे बघ. आणि मला त्यांच्याबद्दल जे वाटतं, ते हळूहळू काढून टाक, एकदम निघत नाही. आमेन.”

माझ्या तोंडून आमेन लवकर आला नाही. तो डोळे उघडून वाट बघत होता. शेवटी म्हणाला, “आई, आमेन म्हणा, मला औषध घ्यायचंय.”

म्हटलं. गोळी दिली, पाणी दिलं. नंतर मी इथे येऊन बसले आणि रडले. इथे रडायला चालतं का हे तुला विचारलं नव्हतं.

ठकीचं दूध तापवून ठेवलं आहे. त्याला चारची गोळी दिली, सातची तू दे. उद्या तुला लवकर निघायचं आहे, अकराला या म्हणालीस. साडेदहाला येते.

छोटूची आई